तीनशे वीस टर्न

एप्रिलच्या बावीस तारखेला शिडी सरकली.
नंदनवनच्या त्या दुसऱ्या मजल्यावर कूलर अर्धाच बसला होता,
आणि हे खाली, गट्टूंवर,
कपाळावर.

हात शाबूत, पाय शाबूत.
मेडिकलच्या वॉर्डात शुद्धीवर आले तेव्हा
माझं नाव बरोबर सांगितलं, पोराची जन्मतारीख,
गोळीबार चौकातल्या दुकानाचं भाडंसुद्धा.
मी टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला.
घाई केली.

डॉक्टरांनी काळ्या फिल्मवर पेनचं टोक टेकवलं,
हा कपाळामागचा भाग, इथं रक्त साकळलं होतं.
"बाई, मोटर ठीक आहे यांची. पंप ठीक आहे.
बटण दाबणारा माणूस जागेवर नाही."
कूलरवाल्याच्या बायकोला समजेल असं बोलले ते.
समजलं. उपयोग काय.

म्हणजे ब्रश हातात दिला की हातातच.
"घासा" म्हटलं की घासणार,
"थुंका" म्हणेपर्यंत घासणार.
सकाळी खुर्चीत बसवलं
तर ऊन मांडीवरून उतरून भिंतीवर चढतं
आणि हे काहीच मागत नाहीत,
भाकरसुद्धा नाही.

आणि कधी उलटंच.
वीस वर्षांत ज्यानं गिऱ्हाइकाला कधी "बे" म्हटलं नाही
तो घरमालकिणीला म्हणाला,
"काकू, तुमच्यात दोन कूलर बसतीन."
मोक्षधामला चुलतसासऱ्यांच्या चितेसमोर हसले, मोठ्यानं.
सगळ्या परात्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"घेऊन आला वाटते," कुणीतरी कुजबुजलं.
मी चालू दिलं.
दारू लोकांना समजते.

वासही गेला. खसचे नवे पॅड भिजवून
नाकाशी धरले.
"ओले आहेत," म्हणाले.

व्यवसायोपचार विभाग, मंगळवार आणि शुक्रवार.
मोहरील मॅडम टेबलावर हात ठेवून दाखवतात,
मूठ, कड, पंजा.
यांचं मूठ, मूठ, मूठ.
एका मिनिटात जनावरं सांगा.
"गाय."
घड्याळ चालतं.
"गाय."
मग एकदम, "म्हैस, मॅडम, तुमच्यावाणी..."
मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.
मॅडमनी कागदावर फक्त दोन लिहिलं.
हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत,
त्याचं देणं माझ्यावर आहे.

गोळ्या दोन. एक फिट येऊ नये म्हणून,
एक संतापासाठी.
बाकीचं औषध तुम्हीच, म्हणाल्या मॅडम.
तेव्हापासून भिंतीवर यादी:
उठणे. लघवी. दात. चहा.
गॅस बंद करणे, लाल शाईनं.
मोबाइलवर तासातासाला घंटी.
"आणि त्यांचंच काम द्या त्यांना."

म्हणून एक जळकी मोटर, तांब्याची तार, लाकडी फर्मा.
कॉईलला तीनशे वीस टर्न.
हात काहीच विसरला नाही, सुरेख फिरतो.
तीनशे वीस. तीनशे चाळीस. पाचशे.
तांबं फुगत जातं, फर्म्यात मावत नाही,
रीळ संपतं
तरी रिकामा हात फिरतच असतो.
मी शेजारी बसून मोजते. "थांबा."
थांबतात.
"तुम्हीच म्हणा स्वतःला."
"थांब," म्हणतात,
आणि फिरवत राहतात.

पोळा. दिवाळी. संक्रांत.
एकदा तीनशे अकराला थांबले, आपले आपण.
नऊ कमी.
ती कॉईल मी उकलली नाही,
फडताळात आहे, पोराच्या मार्कशीटांखाली.

काल दुपारी, पारा पंचेचाळिसावर,
मी पोळ्या लाटत होते. यादीत काही नव्हतं,
घंटी वाजली नव्हती.
"तुले गरम होऊन राहिलं काय वं?"

मी वळले नाही. वळले असते
तर कदाचित तिथंच थांबलं असतं.
खुर्ची सरकली. चपला. बटण.

टाकीत पाणी नव्हतं.
कोरडी, कढत हवा आली,
ओट्यावरचं पीठ उडून माझ्या तोंडावर.
तव्यावरची पोळी करपत होती,
करपू दिली.